आठ इंची म्हणजे किती

मी आयुष्यभर मोजत आलो. साड्या मोजल्या, पंचे मोजले, चादरी मोजल्या, आणि पुढं पुढं तर टेबलं, ट्यूबलाइटा, खडूचे खोकेसुद्धा मोजले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात कुणी नवा टॉवेल आणला की माझा हात आपोआप त्याच्या रुंदीकडं जातो आणि बायको म्हणते, पुरे करा आता. पुरेच झालंय खरं तर. मोजून मोजून जीव शिणलाय. पण एक माप मी चुकवलं, ते काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. लिहून ते जाईल असंही काही वाटत नाही.

विणकरांची एक सहकारी संस्था होती, तिथं मी तपासनीस होतो. ऑफिस इतवारीच्या अलीकडं, खाली सुताचं गोदाम आणि वर आम्ही. विणकर डोक्यावर गाठोडं घेऊन जिना चढायचे, माझ्या टेबलावर साडी पसरायचे आणि समोर उभे राहायचे. मी पट्टी लावायचो. लांबी, मग पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मग भिंगातून एका इंचात किती धागे ते. पन्हा अर्धा इंच जरी कमी भरला तरी माझ्याकडं एक शिक्का होता, 'मापात नाही'. तो मारला की माणूस साडी गुंडाळून गुपचूप जिना उतरायचा. माझ्यापेक्षा वयानं मोठी माणसं, नात्यातली, आमच्याच वस्तीतली. मी कुणाची भीड ठेवली नाही, आणि त्याची मला तेव्हा फार मिजास होती.

त्यात एक नियम होता. पूर्वी कधीतरी व्यापाऱ्यांनी कमी पन्ह्याचं कापड गळ्यात मारून संस्थेला जवळजवळ बुडवलंच होतं, तेव्हापासून ठराव झाला होता की संस्थेच्या दारातून जी वस्तू आत येईल ती तपासनीसानं मोजायची. ऑर्डरीवर लिहिलेलं माप आणि वस्तूचं माप जुळलं तरच आत. कापडासाठी केलेला नियम, पण ठरावात 'वस्तू' असा शब्द होता ना, मग सगळंच माझ्या टेबलावर यायचं. एकदा सहा फुटी कपाट मागवलं, ते एक इंच कमी निघालं. मी परत पाठवलं. मॅनेजर साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. कपाटाविना फायली सहा महिने जमिनीवर पडून राहिल्या आणि त्यांना उंदरांनी कुरतडलं, ते कुणी बोललं नाही.

माझे बाबा विणकर. साधे नव्हेत. काठ विणावा तर त्यांनी, असं वस्तीत म्हणायचे. करवती, रुईफूल हे काठ तर सगळेच विणायचे, पण बाबांकडं असे काठ होते की ज्यांना नावंच नव्हती. त्यांच्या वडलांकडून आलेले, आईच्या वडलांकडून आलेले, काही स्वतःचे. कागदावर काही नाही. काठात कोणता धागा कधी वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, ते सगळं डोक्यात आणि हातापायात. मी मॅट्रिक झालो आणि मागावर बसलो नाही. बाबांनी आग्रह केला नाही. एकदाच म्हणाले होते, तुले बसाचं नसेल तं नको बसू, पण मंग हे कोणाले देऊ? नोकरी लागलेल्या पोराला असल्या प्रश्नाचं काय उत्तर देता येतं?

मग त्यांची नजर जायला लागली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. आधीच फार उशीर झाला होता. उरलंय ते जपा, एवढंच म्हणाले. घरी यायला सायकल रिक्षा केली. सीताबर्डीच्या चौकात गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा बाबा म्हणाले, वर्षभर तरी दिसन ना गा?

त्याच सुमाराला संस्थेत कॉम्प्युटर आला होता. ऐंशी साल उलटून थोडी वर्षं झाली होती. नवा नव्हता, कुठल्यातरी कारखान्यानं काढून टाकलेला आमच्या संस्थेला मिळाला होता, सुताचा साठा लिहायला म्हणून. त्याच्यासाठी वेगळी खोली, त्या खोलीला एसी, दारावर 'चपला बाहेर काढा' आणि त्याखाली 'कामाशिवाय आत येऊ नये'. माझं तिथं काम नव्हतं, म्हणून मी कधी आत गेलो नाही. आम्ही पंख्याखाली घामाघूम आणि यंत्राला गारवा, याचा थोडा रागही होता, खोटं काहून बोलू.

यंत्र चालवायला एक मुलगी होती. पंचविशीची असेल, सगळे तिला ताई म्हणायचे. तिनं एकदा बाबांना माझ्या टेबलाशी साडी घेऊन उभं पाहिलं, काठ निरखला आणि विचारलं की हे कुठं लिहिलेलं असतं का. कुठंच नाही म्हटल्यावर तिला चैन पडेना. दोन दिवसांनी ती मॅनेजर साहेबांकडं गेली आणि म्हणाली की सुताचा साठा लिहून यंत्र दुपारी रिकामंच असतं, तर मी या बाबांचे काठ त्यात उतरवून घेते. साहेबांना वर कळवायला काहीतरी हवंच होतं. हो म्हणाले.

दहा महिने ते चाललं. बाबा सकाळी घरी मागावर बसून त्या दिवसाच्या काठाचा वीतभर तुकडा विणून बघायचे, हात-पायांकडून खात्री करून घ्यायचे, आणि दुपारी मी त्यांना कॉम्प्युटरच्या दारापर्यंत नेऊन सोडायचो. आत ते सांगायचे आणि ताई टाइप करायची. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेक म्हणजे एक ओळ. दोन वर, एक खाली, तीन वर, एक सोड. दारातून मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. मागावर माणूस गप्प असतो. माझ्या बापाला मी इतकं बोलताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. घरी येऊन सांगायचे, आज आजोबाचा तो निळा काठ देऊन टाकला. देऊन टाकला असंच म्हणायचे.

एक्केचाळीस काठ झाले. ताईनं ते दोन डिस्कांवर, म्हणजे पाकिटातल्या पातळ तबकड्यांवर, भरले आणि जपून राहावं म्हणून त्या दोन्हींची एकेक प्रत आणखी केली. कागदावर छापून घेऊ म्हणाली तर साहेबांनी नाही म्हटलं. कागद आणि रिबन साठ्याच्या याद्यांपुरतीच येते, आणि डिस्कवर आहे तर कागद कशाला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ते मलाही पटलं होतं.

शेवटचा काठ सांगून झाला तोवर बाबांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. माग पुढच्या खोलीत होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. दोन खोल्यांचं घर, मुलं मोठी होत होती. बाबाच एक दिवस म्हणाले की आता माग कायले अडवून ठेवता, काठ तं ठेवले ना तुमच्या मशीनमंदी. उमरेडहून एक ओळखीचा विणकर आला, माग सोडवून बैलगाडीवर घालून घेऊन गेला. मी खड्डा बुजवून सिमेंट केलं आणि तिथं लोखंडी कॉट टाकली. त्याच कॉटवर बाबा बसायला लागले.

काही महिन्यांनी यंत्र कुरकुरायला लागलं. डिस्क घालायची दोन तोंडं होती त्याला, त्यातलं एक कधीचंच बंद होतं, आता दुसरंही एका वेळी डिस्क वाचायचं आणि दहा वेळा नाही. नवीन कॉम्प्युटर येणार हे ठरलंच होतं, पण त्याच्या डिस्का लहान होत्या, सव्वापाच इंची. आमच्या जुन्या आठ इंची. बाजारात आता सगळीकडं सव्वापाच चालायला लागली होती. म्हणजे जुन्या डिस्कांवरचं नव्या यंत्रात न्यायचं तर आधी एक धडधाकट आठ इंची ड्राइव्ह पाहिजे होता, नाहीतर एक्केचाळीस काठ त्या पाकिटांतच राहणार. ड्राइव्ह म्हणजे ते तोंड, ज्यात डिस्क फिरते. नागपुरात तो कुठं मिळेना. ताईनं पत्रांवर पत्रं लिहून मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडं जुना पण चालू असा एक शोधून काढला. एकच होता त्याच्याकडं. संस्थेची ऑर्डर गेली, 'डिस्क ड्राइव्ह, आठ इंची, एक नग'.

पार्सल यायच्या आधी ताईला बहिणीच्या लग्नासाठी महिनाभर अमरावतीला जायचं होतं. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाली, "भाऊ, ते पार्सल आलं की लगेच माझ्या खोलीत ठेवून द्या. तुमच्या बाबांचं काम आहे त्यात."

मला हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

पार्सल आलं. लाकडी खोका, आत थर्माकोल, आत पोलादी डबा, चांगला जड. मी ऑर्डर काढून समोर ठेवली आणि पट्टी घेतली. रुंदी साडेआठच्या किंचित वर. लांबी सव्वाचौदा. उंची साडेचारपेक्षा थोडी जास्त. परत मोजलं. उलटा करून मोजलं. आठ कुठंच नाही. मी कागदावर तिन्ही मापं लिहिली आणि त्याखाली ऑर्डरीतलं माप लिहिलं.

शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला की राहू द्या ना, बाई आल्या की बघतील. आणि खरं सांगतो, एक क्षण मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर कदाचित ठेवूनही घेतलं असतं. पण हे माझ्या बापाचं काम होतं. उद्या कुणी म्हणालं की लोकांच्या साड्या अर्ध्या इंचासाठी परत करतो आणि बापाचं काम आलं की डोळे मिटतो, तर? वीस वर्षं ज्यांना जिना उतरायला लावलं त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं बसू? मी शिक्का उचलला. 'मापात नाही'. संध्याकाळच्या आत खोका परत बांधून पाठवूनही दिला. त्या दिवशी घरी मोठ्या ताठ्यात गेलो.

आठवड्याभरात व्यापाऱ्याचं पत्र आलं. भाषा अगदी अदबीची होती. लिहिलं होतं की माल बरोबर आहे, या वस्तूचं माप बाहेरून घेत नसतात. माझं डोकंच फिरलं. कमी पन्ह्याचं कापड आणणारा प्रत्येक जण मला हेच सांगत आला होता, साहेब, धुतल्यावर भरेल, साहेब, ओढून मोजा, साहेब, अशी पट्टी लावत नसतात. मुंबईच्या बनियानं मला मोजायला शिकवावं? मी संस्थेच्या कागदावर उत्तर लिहिलं की ऑर्डरीत आठ इंच आहे, वस्तू आठ इंच पाहिजे, याउपर पत्रव्यवहार नको. ते वाक्य लिहून मला फार बरं वाटलं होतं. आजही त्यातला शब्दन् शब्द मला आठवतो.

त्यानं काय समजून घेतलं देव जाणे. बहुधा वैतागला असेल, किंवा गिऱ्हाइकाला दुसराच कुठला पाहिजे असं त्याला वाटलं असेल. दुसरं पार्सल आलं. हा डबा लहान, सुटसुटीत. रुंदी पावणेसहा, उंची सव्वातीन. आणि लांबी? बरोब्बर आठ. एक सूत इकडं नाही की तिकडं नाही. मी शिक्का मारला, वर सही केली आणि स्वतःच्या हातानं नेऊन कॉम्प्युटरच्या दाराशी ठेवला.

ताई आली त्या दिवशी अकराच्या सुमारास तिनं मला बोलावलं. चपला काढून मी पहिल्यांदाच त्या खोलीत गेलो. फरशी थंडगार होती. टेबलावर माझा तो लहान डबा आणि तिच्या हातात एक काळं चौकोनी पाकीट, जाड कागदाचं, वाकवलं तर वाकेल असं. तिनं ते पाकीट डब्याच्या तोंडावर धरलं. दोन्ही बाजूंनी इंचभराहून जास्त बाहेर राहिलं.

मी सवयीनं खिशातून टेप काढून पाकिटाला लावला. आठ बाय आठ.

"भाऊ, हा सव्वापाचचा ड्राइव्ह आहे," ती म्हणाली. "आठचा कुठं गेला?"

मी म्हणालो की हा आठच आहे, लांबी बघा, मी स्वतः मोजलाय. आणि आधी आलेला परत केला, तो कुठंच आठ भरत नव्हता. मी हे बोलत होतो आणि बोलता बोलताच माझ्या पायाखालची फरशी आणखी थंड होत होती. तिनं मला नीट समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं, रागावून नाही. नाव डिस्कचं असतं. आठ इंची डिस्क ज्यात जाते तो आठ इंची ड्राइव्ह. डबा तर तिच्याहून मोठाच असणार, नाहीतर डिस्क आत जाईल कशी? पुढं साडेतीन इंची आल्या तेव्हा मी तोही डबा मोजून पाहिला, चार इंच भरला. पण तेव्हा मोजून काय उपयोग होता!

तिनं त्याच दिवशी मुंबईला ट्रंक कॉल लावला. दोन तास लाइन मिळेना. मिळाली तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडं बघत उभा होतो. परत आलेला ड्राइव्ह व्यापाऱ्यानं कुणाला तरी देऊन टाकला होता, आणि त्या माणसानं सुट्या भागांसाठी तो उघडून टाकला होता. दुसरा नाही, आणि यापुढं येईलसं त्याला वाटत नव्हतं. लोक आता लहान डिस्कांकडं गेले, म्हणाला.

मग ताईनं जुन्याच तोंडात डिस्क घालून बघायचं ठरवलं. मी नको म्हणालो नाही. बसा म्हणाली, मी बसलो. डिस्क घातल्यावर कुरकुर आवाज झाला, मग खरवडल्यासारखा. काहीच वाचेना. डिस्कच बिघडली की काय म्हणून तिनं तिची प्रत घातली. तोच आवाज. काढून बघितलं तर दोन्ही डिस्कांवर एक एक चकचकीत गोल चरा पडला होता आणि तोंडापाशी तपकिरी भुकटी सांडली होती, बोटाला लागेल एवढी. काठ त्या भुकटीत होते. ताई खुर्चीत मागं टेकून बसली आणि तिनं उरलेल्या दोन डिस्का कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या पुढं कित्येक वर्षं माझ्याकडं होत्या. वाचायला यंत्र कुठंच नव्हतं. मला वाटत होतं की हिनं मला चार शिव्या घालाव्या.

महिन्याभरात नवीन कॉम्प्युटर आला. जुना मजुरांनी उचलून खाली नेला.

बाबा रोज विचारायचे. मी ऑफिसातून आलो, सायकल लावली, की कॉटवरून आवाज यायचा, "निघाले का गा माझे काठ?" निघून राहिले बाबा, मी म्हणायचो. मोठं काम आहे, वेळ लागते. ते मान हलवायचे. शेजारचे कुणी येऊन बसले की त्यांना सांगायचे, नवीन मशीन आलं म्हणते, त्याच्यात चढवून राहिले, मंग कागदावर निघते, मंग कोणी बी विणू शकते. बायको आतून माझ्याकडं बघायची. तिला मी सांगितलं होतं. असे दोन महिने गेले. एवढा थकवा मला कधी आला नाही. दिवसभर काही नाही, पण सायकल गल्लीत वळली की पाय उचलेनात.

शेवटी कंटाळून मी एक फार नीच गोष्ट केली. नवीन यंत्रावर सुताच्या साठ्याची यादी छापली होती, जुनी, टाकून दिलेली. तो कागदांचा गठ्ठा मी एका रविवारी दुपारी घरी आणला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. म्हणालो, घ्या, निघाले. दिसत तर नाही त्यांना, हातात जड कागद आला की समाधान होईल, असा माझा हिशेब.

त्यांनी गठ्ठ्यावर हात फिरवला. कडेची भोकं चाचपली. एकेक पान बोटांनी सुटं केलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मग त्यांनी वरचं पान माझ्याकडं धरलं.

"वाच बरं," म्हणाले. "निळा वाला वाच. आजोबाचा."

मी पान हातात घेतलं. त्यावर साठ नंबर सूत, ऐंशी नंबर सूत, गाठी किती, असलं काहीतरी होतं. दोन वर, एक खाली असं काहीतरी मनानं म्हणून पाहावं असंही आलं मनात. पण विणकराच्या समोर काठ मनानं म्हणायचा? पहिल्याच फेकीला त्यांनी मला धरलं असतं. मी विणकराचा मुलगा, आणि माझ्या बापाच्या एक्केचाळीस काठांतला एकसुद्धा मला येत नव्हता. मला फक्त त्यांचा पन्हा माहीत होता.

मी सगळं सांगितलं. पार्सल, पट्टी, शिक्का, पत्र, दुसरं पार्सल, भुकटी. कागद कशाचे आहेत तेही सांगितलं. सांगताना मी रडलो, हे लिहायला मला लाज नाही. बाबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. बाहेर कुणीतरी उभ्या धाग्यांचा ताणा पसरत होतं, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

मग त्यांनी विचारलं, "पंचेचाळीसचा माग कोणाले म्हणतेत?"

मी म्हणालो, ज्याच्यावर पंचेचाळीस इंची कापड निघते त्याला.

"अन् तो माग किती रुंद असते?"

"पाच फुटाच्या वर."

"मंग?" ते म्हणाले. "मागाले कोणी मापते का गा? मागावर जे निघते ते मापतेत. कोष्ट्याच्या घरचं लेकरू बी सांगन हे."

एवढंच. आवाज चढवला नाही. मला वाटतं, ते चिडले असते तर मी आयुष्यभर त्यांच्यावर रुसून मोकळा झालो असतो. त्यांनी मला तीही सवलत दिली नाही.

मी मुलाची वही ओढून घेतली आणि म्हणालो, बाबा, परत सांगा, मी लिहितो, रोज बसू, वर्ष लागलं तरी चालेल. थोड्या वेळानं ते सांगायला लागले. करवती सांगितला, सरळ, न अडखळता. मग रुईफूल. मी भराभरा लिहीत गेलो, मला उमेद वाटायला लागली. मग म्हणाले, आता आजोबाचा निळा लिही. तीन वर, एक खाली, एक सोड. दोन वर. आणि थांबले. गुडघ्यावर बोटं हलत होती. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथंच आले. तिसऱ्यांदा पहिल्या दोन फेकीसुद्धा वेगळ्याच आल्या, आणि ते त्यांनाही कळलं.

मग म्हणालो, पुढं, बाबा?

"नाही येत गा," ते म्हणाले. "तुमाले देऊन देलं ना मी. तुमी ठेवलं म्हनून मी सोडलं."

मी वही तशीच उघडी धरून बसलो. त्यांनी कागदांचा गठ्ठा मांडीवरून उचलून माझ्याकडं दिला, पाय वर घेतले आणि भिंतीकडं तोंड करून कॉटवर आडवे झाले. त्यानंतर चार वर्षं होते ते आमच्यात. मी ऑफिसातून यायचो, सायकल लावायचो, आत जायचो. त्यांनी परत कधी काही विचारलं नाही.